मिशिन राव

माझ्या हातच्या कापीसाठी, म्हणजे तुमच्या कॉफीसाठी, त्या कंपनीतली माणसं रोज सकाळी रांग लावून उभी राहायची. रांग लिफ्टची होती, मी तिच्या वाटेत बसायचो, एवढंच.

पण उभ्या माणसाला हातात काहीतरी लागतं की. एका बाजूला लिफ्ट, दुसऱ्या बाजूला पॅन्ट्रीचं दार, मधल्या कोपऱ्यात मी, माझा पितळेचा फिल्टर, दुधाचा ड्रम आणि माझं तोंड. यातलं सगळ्यात जास्त कोण चालायचं ते सांगायला नको. डिकाशन ओतता ओतता एक किस्सा, साखर ढवळता ढवळता दुसरा. आमचे पणजोबा तंजावरच्या दरबारात राजाला कापी करून द्यायचे, हा माझा सगळ्यात चांगला किस्सा. राजा कापी प्यायचा की नाही, मला ठाऊक नाही. पणजोबा होते एवढं नक्की, नाहीतर मी कुठून आलो?

शिक्षणाचं विचाराल तर मी तिसरीपर्यंत गेलो. म्हणजे तिसरीच्या वर्गाच्या दारापर्यंत. आत मास्तर बसले होते, म्हणून परत आलो.

तर ही कंपनी. कुंभकोणाच्या बाहेरच्या रस्त्याला काचेची इमारत आहे. आत पोरं-पोरी कानाला हेडफोन लावून ऑस्ट्रेलियातल्या लोकांच्या तक्रारी ऐकत बसतात. तिकडे कुणाचं फोनचं बिल जास्त आलं की तो इकडे कुंभकोणात येऊन ओरडतो, आणि आमची पोरं 'सॉरी सर, सॉरी सर' म्हणतात. आमचं गाव देवळांचं. इथे माणसं देवाकडे गाऱ्हाणं घालतात, देव काही बोलत नाही. या इमारतीत उलट. इथे गाऱ्हाणं ऐकणाऱ्यालाच बोलावं लागतं.

एक दिवस म्याडमनी मला आत बोलावलं. म्याडम चेन्नईच्या, सगळ्या मजल्याच्या वरिष्ठ. तोंडानं कमी बोलायच्या, हातानं जास्त. मला कधी 'कापी नको' असं म्हणाल्या नाहीत, नुसता तळवा दाखवायच्या, बस थांबवतात तसा. त्या दिवशी मात्र पुरं वाक्य बोलल्या, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी वाईट आहे.

"राव, पॅन्ट्रीत मिशिन येतंय. कापी, चहा, खायचं, सगळं एकाच पेटीत. बटण दाबलं की बाहेर. तुम्ही दिवाळीपर्यंत बसा तुमच्या कोपऱ्यात. लोक तुमच्याकडे आले तर राहा. नाही आले तर तो कोपरा मला हवा आहे. तिथे थंड पेयांचं दुसरं मिशिन ठेवीन."

मी हसून बाहेर आलो. लोखंडाच्या पेटीला मी भिणार? आणि खरंच, पेटीला मी भ्यालो नाही. पेटीबरोबर जो माणूस आला, त्याला बघून माझ्या पोटात दुखायला लागलं. ते अजून दुखतंय.

तो इन्नंबूरचा. आमच्यातलाच, मराठी. उंच, काटकुळा, पांढरा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावलेला, कपाळावर गंधाची बारीक रेघ. मोपेडवर पुढे दूध पावडर, मागे चकल्यांची खोकी, मधे हा, वरातीतल्या नवऱ्यासारखा ताठ. त्याचं काम काय? रोज येऊन मिशिन भरायचं, पुसायचं आणि जायचं. हमालाचं काम. पण तो ते असं करायचा की बघणाऱ्याला वाटावं, आपणच हमाल.

पॅन्ट्रीच्या दारात आधी चपला काढायचा. ऑफिसात कोण चपला काढतं? मग पिशवीतून लाल पंचा काढून मिशिनच्या उघड्या दारावर आडवा टांगायचा आणि त्याच्या आड जाऊन भरायचा. देवाला सजवताना गाभाऱ्यावर पडदा ओढतात की नाही, तसा. आतून डब्यात पावडर पडल्याचा आवाज, स्प्रिंगांमध्ये पाकिटं बसवल्याचा आवाज, बाहेर पोरं-पोरी कप हातात धरून गप्प उभी. मग एकदम पंचा बाजूला सरायचा आणि तो म्हणायचा,

"भरण जाहलें. आतां यावें."

हे माझ्यासाठी मराठीत. बाकीच्यांना तमिळात. पण मी शपथ घेऊन सांगतो, एक-दोघांचे हात जोडले जायला निघाले होते ते मी बघितले आहेत. मी एवढी वर्षं फिल्टरचं झाकण उघडतोय, माझ्याकडे बघून कुणाची शिंक पण थांबली नाही.

आम्ही सगळे 'ते मिशिन' म्हणायचो. तो 'ती' म्हणायचा. बिघडलं की 'बंद आहे' असा कागद लावायचा नाही. "तिला आज बरं नाही," म्हणायचा, आणि लोक हळू आवाजात विचारायचे, "काय झालं? कधी बरं वाटेल?" माझा स्टोव्ह एकदा भडकून माझी भुवई जळाली होती. तेव्हा एकानं विचारलं होतं, "म्हणजे कापी नाही का आज?"

भरून झालं की पहिला कप तो मिशिनपुढे ठेवायचा, हात जोडायचा आणि तो कप नेऊन खिडकीतल्या झाडाला घालायचा. कापीनं झाड मरतं असं मी सगळ्यांना सांगितलं. पैजेवर सांगितलं. ते झाड इतकं माजलं की खिडकी लागेना.

त्या मिशिनला बाईचा आवाज बसवलेला होता. कप भरला की ती इंग्रजीत 'थँक यू' म्हणायची. आम्ही कुणी लक्ष देत नसू. तो कुठेही असला, जिन्यात असला तरी, उत्तर द्यायचा, "असावें, असावें."

आणि स्वतः? स्वतः कापी प्यायचा नाही. मी एकदा मुद्दाम विचारलं, सगळ्यांसमोर. म्हटलं आता पकडला.

"काय राव, तुमच्याच मिशिनची कापी तुम्हाला चालत नाही?"

"कुणाचीच चालत नाही," तो म्हणाला. "झोंप जाते."

झालं. सगळे म्हणाले, बघा, किती निर्लोभी माणूस. मी रोज माझी स्वतःची कापी पितो, तर मला म्हणायचे, राव, धंदा पिऊन टाकाल.

राव म्हटलं त्यावरून आठवलं. इथल्या तमिळ माणसाला आम्ही मराठी सगळे सारखे. आईबापांनी नाव काही ठेवलेलं असो, हाक एकच, राव. त्या इमारतीत राव म्हणजे मी. तो आल्यावर राव दोन झाले, तर लोकांनी आपली सोय करून घेतली. तो 'मिशिन राव' आणि मी 'पळय राव'. पळय म्हणजे जुना. आदल्या दिवशी पाण्यात घालून ठेवलेल्या भाताला पण हाच शब्द लावतात. माणूस माझी गिऱ्हाइकं घेऊन गेला असता तर एक वेळ सोसलं असतं. तो माझं नाव घेऊन गेला आणि मला शिळ्या भाताचं देऊन गेला.

गिऱ्हाइकं पण गेलीच. सगळ्यात आधी गेली ती चोळपुरमची पोरगी.

ती रोज पहिल्या बसनं यायची. बसमधून उतरली की सरळ माझ्या कोपऱ्यात. कापी कमी साखरेची. मी तिला मुलीसारखी मानायचो, रोज नवा किस्सा राखून ठेवायचो, पूर्ण झाल्याशिवाय लिफ्टमध्ये चढू द्यायचो नाही. मिशिन आल्यावर काही दिवसांनी ती आली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि पॅन्ट्रीत शिरली. म्हटलं, एकदा बघेल, थुंकेल, परत येईल. मी दारातून वाकून बघितलं. कागदाचा कप दोन्ही हातांत धरून ती मिशिनपुढे उभी होती. डोळे मिटलेले. तोंडावर अशी शांती की मला भरून आलं. मग जळून आलं. म्हटलं, या माणसानं हिला काहीतरी केलंय. पावडरीच्या कापीनं माणूस असे डोळे मिटत नाही.

मग मी पण सुरू केलं. तो करतो ते मला येत नाही काय? मी कोपऱ्यात चपला काढून बसायला लागलो. पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी पायानं त्या लिफ्टमध्ये गेल्या आणि वर निघून गेल्या. दिवसभर मी अनवाणी कापी विकली, लोकांनी विचारलं नवस आहे का. मग घरून पिवळा टॉवेल आणला आणि फिल्टरपुढे टांगला. टॉवेलचं टोक दुधात. त्या दिवशी ज्यांनी कापी घेतली ते दोघं परत आले नाहीत. एकानं जाताना विचारलं, "आज दुधाला साबणाचा वास कसा?"

घरी मेलकावेरीत येऊन मी बायकोपुढे त्याची टर उडवायचो. तो कसा उभा राहतो, पंचा कसा सारतो, सगळं करून दाखवायचो. "भरण जाहलें, आतां यावें," असं घसा ताणून म्हटलं. मला वाटलं, ती हसेल. ती भाजी चिरायची थांबली.

"असं बोलतात ते? जाहलें म्हणतात?"

"म्हणतो. वेडा आहे."

"माझे आजोबा असंच बोलायचे," ती म्हणाली. "आता कुणाच्या घरात असं ऐकायला येत नाही. तुम्ही तर निम्मं तमिळात बोलता."

दुसऱ्या दिवशी तिनं डब्याबरोबर लिंबाच्या लोणच्याची एक वाटी दिली. माझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी. मी ते वाटेत कावेरीच्या पुलावर उभा राहून खाल्लं, सगळं. संध्याकाळी दारातच तिनं विचारलं,

"काय म्हणाले?"

आता काय सांगू? "'रुचकर जाहलें' म्हणाले."

तिच्या तोंडावर जो उजेड पडला तो मी आमच्या लग्नातल्या फोटोत पण बघितला नव्हता. दोन दिवसांनी परत वाटी. परत पूल. परत मला त्याच्या तोंडून नवीन काहीतरी शोधून आणायला लागायचं. 'सुगरण असावी ती', म्हणाले. 'हातास चव आहे', म्हणाले. लग्न झाल्यापासून मी बायकोची जेवढी स्तुती केली नव्हती तेवढी त्या माणसाच्या नावावर केली, आणि वर पोट बिघडवून घेतलं.

म्याडमचं सांगायचं राहिलं. एकदा चकलीचं पाकीट स्प्रिंगमध्ये अडकलं. अर्धं पुढे आलेलं, पडत नाही. म्याडमनी त्या काचेवर तळवा हाणला, एकदा, दोनदा. तोच तळवा, जो मला दाखवायच्या. तेवढ्यात हा मागून आला.

"म्याडम, तिला लागलं."

"कुणाला?"

त्यानं मिशिनकडे बघितलं.

"तिला सॉरी म्हणा."

मी दारात, मनात म्हटलं, गेला. आज हा मोपेडसकट इन्नंबूरला परत गेला.

"मिशिनला सॉरी म्हणू?" म्याडम म्हणाल्या.

"ऑस्ट्रेलियाला दिवसभर म्हणतां की. ही तर इथलीच आहे."

म्याडमनी इकडे-तिकडे बघितलं आणि हळूच, अगदी हळूच, त्या काचेला म्हणाल्या, "सॉरी." त्यानं काचेवर दोन बोटं टेकवली. पाकीट पडलं. मिशिन म्हणालं, "थँक यू." हा म्हणाला, "असावें, असावें."

स्प्रिंग आहे, हलली असेल, एवढं मला पण कळतं. पण त्यानंतर त्या इमारतीत कुणी मिशिनला हाणलं नाही, आणि म्याडम त्याला बघून उभ्या राहायला लागल्या. तो नंतर म्हणायचा, "माणसाकडून चूक जाहली तर तो कारणें सांगतो. ही घेतलेले पैसे परत देते. मग थोर कोण?" मला याचं उत्तर सुचलं, पण चार महिन्यांनी, अंघोळ करताना. तोपर्यंत उपयोग नव्हता, आणि पुसून बाहेर येईपर्यंत विसरलो पण.

दिवाळी जवळ यायला लागली. माझ्या कोपऱ्यात दुधावर साय धरायची, एवढं शिल्लक राहायचं. म्याडम येता-जाता कोपऱ्याची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजायच्या. मला रात्री स्वप्नात थंड पेयांचं मिशिन माझ्या मांडीवर बसलेलं दिसायचं.

आणि मग देवानं माझ्याकडे बघितलं, असं मला वाटलं. नवरात्र आलं. तुमच्याकडे खंडेनवमी म्हणतात, आमच्याकडे आयुधपूजा. ज्याचं जे आयुध, ज्यावर पोट चालतं ते, घासूनपुसून, कुंकू लावून देवापुढे मांडायचं. नवमीला मांडलं की दशमीची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सगळं गाव थांबतं. पण ऑस्ट्रेलियात आयुधपूजा नाही, म्हणून कंपनी चालू.

आदल्या दिवशी त्यानं म्याडमना सांगितलं, "उद्या ती निजेल. परवा उठेल."

"सुट्टी नाही उद्या," म्याडम म्हणाल्या. "लोक काय पितील?"

"तुमच्या मुलीची पुस्तकं उद्या घरी पूजेत असतील, म्याडम. ती उद्या अभ्यास करील काय?"

म्याडमनी तळवा वर केला आणि परत खाली घेतला. त्यांच्या मुलीचं त्यांना ठाऊक असणार.

मी कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. पूर्ण दिवस मिशिन बंद! मी उठलो, लिफ्टपुढे उभा राहिलो आणि दवंडी दिली. "उद्या या सगळे! उद्या खरी कापी! आपापल्या घरून टंबलर घेऊन या. माझी कापी कागदाच्या कपात रुसते!" लोक हसले, पण 'आणतो, आणतो' म्हणाले. चोळपुरमची पोरगी पण हसली. आणि म्याडम जाता जाता थांबून म्हणाल्या, "बघूया उद्या, राव. उद्या किती लोक येतात ते बघून ठरवते." म्हणजे दिवाळीपर्यंत थांबायचं कामच नाही. उद्याच निकाल.

सकाळी मी गोठ्यावर गेलो, समोर उभा राहून दूध काढून घेतलं, पाण्याचा थेंब नाही. कॅन घेऊन, गाणं गुणगुणत घरी आलो.

माझा फिल्टर देवापुढे होता.

चिंचेनं घासलेला, लखलखीत, गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला कुंकू. त्याला कपाळ कुठे असतं ते तिनं शोधून काढलं होतं. बाजूला ड्रम, पळी, गाळणं, सगळे टंबलर ओळीत, नव्या नवरीच्या मैत्रिणींसारखे. समई पेटलेली. नैवेद्य दाखवून झालेला.

"हे काय?" मी म्हटलं.

"आयुधपूजा," बायको म्हणाली. "दरवर्षी मांडते तशी मांडली."

"अगं, पण आज कंपनी चालू आहे! आज माझा दिवस आहे!"

"दरवर्षी आजच्या दिवशी तुम्ही दुपारपर्यंत लोळता. यंदा नाही लोळणार, हे मला कोण सांगणार? मला स्वप्न पडणार?"

खरं होतं. अख्ख्या इमारतीला मी ओरडून सांगितलं होतं. बायकोला सांगायचं राहिलं.

"एक फिल्टर काढतो. फक्त फिल्टर. हार राहू दे त्याच्या गळ्यात."

"हात लावून तर बघा," ती म्हणाली. "वर्षभर उकळतं पाणी पोटात घेऊन तो आपल्याला पोसतो. एक दिवस त्याला निजू देत नाही तुम्ही, मग उद्यापासून कुठल्या तोंडानं त्याच्याकडे मागणार?"

मी शेजारच्या मामीकडे गेलो. मामींचा फिल्टर मोठा आहे, लग्नकार्याचा. मामी म्हणाल्या, "देते की राव, न्या. पण स्वतःचं आयुध निजवायचं आणि दुसऱ्याच्या आयुधानं धंदा करायचा, हे कुठल्या पूजेत बसतं तेवढं सांगून न्या." मी फिल्टर न घेताच निघालो. वाटेत शिंप्याच्या मिशिनला हार, सायकलवाल्याच्या पंपाला हार, न्हाव्याच्या वस्तऱ्याला पण हार. सगळ्या मेलकावेरीत आयुधाशिवाय हिंडणारा मी एकटा, आणि माझ्या हातात दुधाचा कॅन.

गेलो नसतो तर चाललं असतं. पण लोक टंबलर घेऊन येणार होते.

आले होते. अय्यो, किती आले होते! लिफ्टपासून पॅन्ट्रीपर्यंत रांग, आणि या वेळी लिफ्टची नाही. माझीच. पितळेचे टंबलर, स्टीलचे, एकानं तर लग्नात मिळालेला चांदीचा आणलेला. रांगेत पुढे चोळपुरमची पोरगी, हातात छोटा पितळेचा टंबलर, पदरानं पुसत उभी. म्याडम दाराशी. पलीकडे पॅन्ट्रीत मिशिनला हार, दोन बाजूंना केळीचे खुंट, आणि पुढे मांडी घालून तो.

"कापी कुठे, राव अण्णा?"

मी कॅन खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मला किस्सा सुचला नाही.

"पूजेत आहे."

"काय पूजेत आहे?"

"फिल्टर."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "दोन राव, आणि एक घोट नाही!" आणि इमारत हसली. मी पण हसलो. मी नेहमी हसतो, तो माझा धर्म आहे. पण म्याडमनी घड्याळाकडे बघितलं आणि मला कोपरा हातातून जाताना दिसला, अगदी लिफ्टसारखा, दार मिटून वर जाताना.

तेवढ्यात तो उठला. केळीच्या खुंटामागून एक पितळेची मोठी घागर काढली. नैवेद्याचं पानक, गूळ, सुंठ, वेलची घातलेलं. घरून आणलेलं होतं. पळी घेऊन रांगेपाशी आला आणि एकेका टंबलरमध्ये ओतत गेला. "घ्या. तिचा प्रसाद आहे." सगळ्यांनी टंबलर पुढे केले. तोंडाला न लावता, वरून घोट घेतले, डोळे पुसले, सुंठ झोंबली म्हणून. परत मागितलं. म्याडमनी पण घेतलं, त्या चांदीच्या टंबलरमधून.

आता तुम्हीच सांगा. रांग मी बोलावलेली. टंबलर माझ्या सांगण्यावरून आणलेले. आणि त्यात पानक त्याचं! चोर घरात शिरतो तेव्हा निदान पिशवी स्वतःची आणतो.

शेवटी तो माझ्यापाशी आला. कॅनकडे बघितलं.

"दूध ताजें?"

"समोर काढलंय."

त्यानं स्वतःचा पेला भरून घेतला आणि उभ्या उभ्या प्यायला. "दूध बरें आहे," म्हणाला. त्या माणसानं माझ्याकडचं काही घेऊन एकदाच स्तुती केली. ती गाईची होती.

दुसऱ्या दिवशी, दशमीला, म्याडमनी आम्हा दोघांना बोलावलं. "राव, काल मी बघितलं," मला म्हणाल्या. मी मान खाली घातली. मग त्याला म्हणाल्या, "कोपऱ्यात थंड पेयांचं मिशिन पाठवायला सांगा तुमच्या कंपनीला."

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"एका दारांत दोघी नको. दुसरी आली तर ही रुसेल. मग दोघी बंद पडतील, आणि तुम्ही मला बोल लावाल. कोपरा तसाच असूं द्या."

"तसाच कसा? तिथे राव बसतात."

"ते बसूं देत की," तो म्हणाला. "ते कुठे मिशिन आहेत?"

म्याडम त्याच्या शब्दाबाहेर नव्हत्या. कोपरा राहिला. मी वाचलो, कारण मी मोजण्यात धरण्यासारखा नव्हतो. कुणी मला बुडवताना एवढं दुखलं नसतं जेवढं त्यानं वाचवताना दुखलं. घरी जाऊन सांगितलं, कोपरा राखला. कुणी राखला ते सांगितलं नाही. तिनं विचारलं पण नाही, ती लोणच्याची वाटी भरत होती.

पोंगल झाल्यावर त्याला त्याच्या कंपनीनं तिरुचीला नेलं, तिकडे मोठ्या इमारती, पुष्कळ मिशिनं. शेवटच्या दिवशी त्यानं मिशिनला प्रदक्षिणा घालायची म्हटली, पण ते भिंतीला टेकलेलं, मागून वाट नाही. मग जागच्या जागी स्वतःभोवतीच फिरला, देवळात फिरतात तसा, डोळे मिटून. पोरी रडल्या. खरंच रडल्या. एकीनं झाडाचं पान वहीत ठेवलं. मी मनात म्हटलं, मी मेलो तर या लिफ्टची वाट बघतील.

त्या दिवशी बायकोनं पूर्ण बरणी दिली होती. ती मात्र मी त्याच्यापर्यंत पोचवली. पुलावर थांबलो नाही. त्यानं झाकण उघडलं, बोटानं चाखलं. मी कान टवकारले. इतके महिने मी त्याच्या नावानं बोलत होतो, आता तो स्वतः काय बोलतो बघू.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला. मोपेड सुरू केली. "येतों."

घरी गेल्यावर तिनं विचारलं. मी सांगितलं, "'रुचकर जाहलें' म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

त्याच्या जागी एक पोरगा आला. चपला घालून आत येतो, पंचा नाही, काही नाही. दार उघडून भरतो, धाडकन लावतो, निघून जातो. मिशिन 'थँक यू' म्हणतं, कुणी उत्तर देत नाही. खिडकीतलं झाड वाळलं.

मी मनात म्हटलं, आता! जादू करणारा गेला, उरली नुसती पेटी. मी फिल्टर चिंचेनं घासला. कापीची पूड नवीन भाजून आणली. नवीन किस्से पण जमवले, त्यात तो स्वतः एक होता, त्याची नक्कल मला चांगली जमते. आणि कोपऱ्यात बसून राहिलो.

लोक लिफ्टपाशी यायचे, मला मान हलवायचे आणि पॅन्ट्रीत जायचे. रोज. तीच पावडर, तेच बटण. मी आठवडाभर बघितलं, दुसरा आठवडा बघितलं. शेवटी एका सकाळी चोळपुरमची पोरगी बसमधून उतरून आली तेव्हा मी उठून तिच्या वाटेत उभा राहिलो. हातात कापी, कमी साखरेची, वाफ निघत असलेली.

"तो गेला की आता," मी म्हटलं. "पंचा गेला, पूजा गेली. आता काय उरलंय त्या पेटीत? एकदा तरी खरं सांग. माझ्या कापीत काय खोट आहे?"

तिनं माझ्या हातातला टंबलर घेतला, एक घोट प्यायली, डोळे मिटले. मग परत माझ्या हातात दिला.

"कापीत काही खोट नाही, राव अण्णा. पूर्वी पण नव्हती. मिशिनच्या कापीपेक्षा शंभर पट चांगली," ती म्हणाली. "पण दिवसभर आम्ही कानात लोकांचं ऐकतो. त्यात उसंत एवढीशी. आणि तुमच्या कापीबरोबर तुम्ही येता."